सोनं खरं घ्यायचं की खोटं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या घरातल्या सोन्याचं काय होतं, कधी पाहिलंय?

आदल्या संध्याकाळी आपण मोठ्या हौसेनं निघतो. रावण जळतो, मग घरोघरी जायचं, आपट्याची पानं हातावर ठेवायची, मोठ्यांच्या पाया पडायचं, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणायचं. रात्री परत येतो तेव्हा खिशात, पर्समध्ये, गाडीच्या डिक्कीत, टीव्हीसमोरच्या टेबलावर पानंच पानं असतात. सकाळी आई झाडू घेते आणि नऊच्या सुमारास घरातलं सगळं सोनं घंटागाडीत जातं. एका रात्रीत सोन्याचा कचरा!

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा हे पाहून आम्हा सात-आठ जणांचं डोकं फिरलं. आम्ही मोहीम काढली : ‘झाड वाचवा, कृत्रिम सोनं वाटा’. बाजारातून आपट्याच्या आकाराची चकचकीत सोनेरी पानं आणली, चांगली पाचशे. कॉलेजच्या गेटजवळ टेबल लावलं, प्रत्येकाला एकेक पान दिलं, फोटो काढले, रील टाकलं, लाइक्स मिळाले. सरांनी पाठ थोपटली. आपण एखादं जंगल वाचवलं, अशा थाटात आम्ही घरी गेलो.

होळीच्या सुमारास पार्किंगच्या मागच्या नालीत आमचं सोनं मला परत भेटलं. पाच महिने झाले होते, तरी चमक तशीच. वाकून एक उचललं, फाडून पाहिलं. कागद गळून गेला होता आणि त्यावरचा प्लास्टिकचा पातळ थर शाबूत होता. खरं पान एव्हाना मातीत मिसळलं असतं. आमचं पान आम्ही पास होऊन गेल्यावरही तिथेच राहणार होतं. म्हणजे झाड वाचवायला निघालेल्या आम्ही पाचशे प्लास्टिकचे तुकडे कॅम्पसमध्ये पेरले होते.

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे की. प्लास्टिक वाईट, खरं पान चांगलं, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. पण विषय तिथे संपत नाही.

असाच वाद डिसेंबर आला की युरोप-अमेरिकेत रंगतो. ख्रिसमस ट्री खरं आणायचं की प्लास्टिकचं? ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेनं त्याचा हिशेब मांडला आहे. दोन मीटर उंचीच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढंच खरं झाड सणानंतर जाळून टाकलं, तर साधारण साडेतीन किलो. तेच कचरा डेपोत टाकलं तर १६ किलो, कारण ढिगाऱ्याखाली हवेशिवाय कुजताना मिथेन वायू तयार होतो. म्हणजे प्लास्टिकचं झाड घेतलंच, तर ते दहा-बारा वर्षं वापरलं तरच परवडतं. दरवर्षी नवं घेणाऱ्यानं पर्यावरणाच्या गोष्टी करू नयेत.

या हिशेबात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वस्तू खरी असो की खोटी, सण झाल्यावर ती कुठे जाते यावर बरंच ठरतं. घंटागाडीतून डेपोत गेलेलं आपट्याचं पानही त्याच ढिगाऱ्याखाली जातं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिकडे खरं झाड स्वस्त पडतं, कारण ते पीक आहे. शेतकरी ते शेतात लावतो, सहा-सात फुटांचं व्हायला सरासरी सात वर्षं थांबतो, तोडतो आणि त्या जागी पुन्हा रोप लावतो. आपण धान लावतो, कापतो, पुन्हा लावतो, तसंच. धान कापला म्हणून कोणी शेतकऱ्याला वृक्षतोड केली म्हणत नाही.

आता सांगा, आपट्याचं शेत कोणी पाहिलंय?

नाही ना? आपटा कोणी लावत नाही. तो जंगलात, शेताच्या बांधावर, माळावर आपला आपण वाढतो. आणि दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत त्याच्यावर विळे-कुऱ्हाडी चालतात. एकेक पान खुडत बसायला वेळ कोणाला आहे? फांदीच्या फांदी उतरवली जाते. आपट्याला उन्हाळ्यात फुलं येतात आणि थंडीत शेंगा वाळतात, म्हणजे दसऱ्याच्या वेळी झाडावर हिरव्या शेंगा असतात. फांदीबरोबर त्याही येतात. आपण पान घेतो आणि त्याच्यासोबत पुढच्या झाडाचं बीही घेऊन टाकतो. त्यामुळे ‘खरं ते चांगलं’ हे तिकडचं उत्तर जसंच्या तसं इकडे उचलता येत नाही.

तरी पानाचं पीक शिस्तीत कसं घ्यायचं, हे आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. तेंदूपत्ता बघा. उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपांची छाटणी होते, नवी पालवी फुटते, एप्रिल-मे महिन्यात बाया पहाटे उठून ती पानं हातानं खुडतात, ७०-७० पानांची पुडकी बांधतात आणि संकलन केंद्रावर नेतात. बिडी चांगली की वाईट हा वेगळा विषय आहे. पण झाड मेलं तर पुढच्या वर्षीची मजुरी मेली, हे तेंदू तोडणाऱ्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून झाड टिकतं. आपट्याला मात्र वर्षातून एकच दिवस भाव. त्या दिवशी लूट, उरलेले ३६४ दिवस त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

म्हणून दसऱ्याला पानं विकणाऱ्यांना शिव्या द्यायच्या का? मोहिमेच्या वर्षी मी तेही करून पाहिलं. गोरेलाल चौकात एक आजी पानांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. पहाटेच्या गाडीनं आल्या होत्या. मी त्यांना झाडं तोडू नका असं समजवायला लागले, हातात आमचं सोनेरी पान होतंच. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “खोटा सोना वाटता का पोरी? मंग आमी का इकावं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसाच्या विक्रीतून त्यांच्या घरी दसरा होणार होता. आमच्या सोनेरी पानांचे पैसे मात्र कुठल्या तरी लांबच्या कारखान्याकडे गेले होते. जंगलात राहणाऱ्या लोकांचा वनोपजावर हक्क आहे, हे २००६ च्या वनहक्क कायद्यानं मान्य केलं आहे. त्या आजींचं आणि आपट्याचं नातं आपल्या मोहिमेपेक्षा कितीतरी जुनं. त्यांना उठवून त्यांच्या जागी प्लास्टिक बसवणं म्हणजे पर्यावरण नव्हे. फांद्या का तुटतात? आपण जुड्याच्या जुड्या मागतो म्हणून. हिशेब करा. तुम्ही दसऱ्याला पन्नास जणांना भेटलात आणि प्रत्येकाला दोन-दोन पानं दिली, तर झाली शंभर. तुमच्या वर्गात साठ जण असतील तर एका वर्गाची सहा हजार पानं. एवढी पानं काही खुडून येत नाहीत.

तर माझं मत असं : सोनं खरंच घ्या, पण एकच पान घ्या.

एका पानात दसरा कसा होणार? होतो की. तुम्हाला कोणी सोनं दिलं, तर तेच पुढच्याला द्या. तसंही आपण हे करतोच, खिशातली पानं संपली की मिळालेलंच पान पुढे सरकवतो. मग ते चोरून कशाला, राजरोस करू या. एक पान दहा हातांतून फिरलं तर त्याचं सोनं कमी होत नाही. आणि त्या आजींकडून दहा रुपयांची जुडी घेता ना? दहा रुपयेच द्या, पानं पाच घ्या. फांदी नको, खुडलेली पानं द्या म्हणून सांगा. त्यांची कमाई तेवढीच राहील, झाडावरचं ओझं कमी होईल. हा व्यवहार एका दिवसात बदलणार नाही. पण गिऱ्हाईक काय मागतं त्यावर बाजार चालतो, आणि दसऱ्याच्या बाजारात सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आपल्याच वयाचं असतं.

आणखी एक. बाजारात आपटा म्हणून मिळणारी पानं कित्येकदा कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं त्याहून मोठं आणि मऊ. लोक म्हणतात, फसवलं! मी म्हणते, बरं झालं. कांचन शोभेसाठी लावतात, अनेक कॉलेजांच्या आवारात तो असतो. आपण लावलेल्या झाडाची दोन पानं घेणं हे जंगलातल्या झाडाची फांदी आणण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

मागच्या वर्षीची सोनेरी पानं घरात पडली असतील तर ती फेकू नका. डब्यात ठेवा, यंदा काढा, पुढच्या वर्षी परत काढा. प्लास्टिकच्या ख्रिसमस ट्रीला लागू पडतं तेच यालाही. फक्त नवीन घेऊ नका. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी आपल्या सणांना चमकतं प्लास्टिक वेगवेगळ्या रूपांत मिळतंच. आपण घेत राहतो तोवर मिळतच राहणार. आणि दसऱ्याच्या सकाळी घरातली पानं घंटागाडीत न टाकता कुंडीत टाका. आईला सांगून ठेवा, नाहीतर ती झाडून मोकळी होईल.

उरलं मोठं काम. आपटा लावायचा. एन.एस.एस.मध्ये असाल तर या थंडीत एक रविवार द्या. वाळलेल्या शेंगा गोळा करा, बिया रात्रभर पाण्यात भिजवा, पिशव्यांत लावा, पहिल्या पावसात कॅम्पसच्या कुंपणालगत रोपं उतरवा. हे झाड इथलंच आहे, कोरड्या जंगलातलं, त्याचे फार लाड करावे लागत नाहीत. तुम्ही कॉलेजमधून बाहेर पडाल तेव्हा ते जेमतेम तुमच्या खांद्याला लागेल. त्याचं सोनं तुमच्यानंतरची पोरं लुटतील.

लहानपणी आजीनं सांगितलेली कौत्साची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. गुरूला चौदा कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या म्हणून तो रघुराजाकडे जातो. राजासाठी कुबेर सोन्याचा पाऊस पाडतो. राजा म्हणतो, सगळं तुझंच. कौत्स मोजून चौदा कोटी घेतो आणि उरलेलं तिथेच ठेवतो. पुढे ते सोनं आपट्याखाली ठेवलं आणि लोकांनी लुटलं, असं आपल्याकडे सांगतात. लुटणं तेवढं आपल्या लक्षात राहिलं. कौत्सानं मोजून घेतलं होतं, ते विसरलो.

येत्या दसऱ्याला भेटलात तर मला एकच पान द्या. मी ते पुढे देईन.