गाळलेला 'कर'

मंडळी, या शनिवारचा विषय आडनावं. घाबरू नका, लग्नानंतर आडनाव बदलावं की नाही वगैरे वादात मी शिरणार नाहीये. मला बोलायचंय ते माणसाचं आडनाव आणि जागेचं नाव एकच असलं की काय होतं, याबद्दल. त्यातही इंग्रजी आडनावांबद्दल, कारण ती आपल्या रस्त्यांवर, धरणांवर आणि कॉलेजांवर अजूनही ठाण मांडून बसलेली आहेत.

सुरुवात आमच्या पालीपासून करतो. नुसतं 'पाली' म्हटलं की गोंधळ ठरलेला. राजस्थानात पाली नावाचा अख्खा जिल्हा आहे, रत्नागिरीजवळ एक पाली आहे, वांद्र्याला पाली हिल आहे, बौद्ध ग्रंथांची भाषा पाली आहे आणि उरलेल्या पाली भिंतीवर ट्यूबलाइटच्या मागे असतात. म्हणून आम्ही 'बल्लाळेश्वराची पाली' किंवा 'सुधागड-पाली' असं सांगतो. आमच्या धंद्यात याला नेमस्पेस म्हणतात.

पण एवढ्या गर्दीतही एक गोंधळ कधी होत नाही, तो म्हणजे गाव आणि माणूस यांच्यातला. गाव पाली, माणूस पालीकर. चौलचा तो चौलकर, महाडचा तो महाडकर. 'कर' ही दोन अक्षरं फार कामाची आहेत. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बोलायचं तर पाली ही व्हॅल्यू आणि पालीकर हा पॉइंटर. माणूस गावाकडे बोट दाखवतो. तो गाव नाही, गावाचा आहे. बोट कुणीकडून कुणीकडे आहे हे शब्दातच लिहिलेलं आहे.

इंग्रजांनी नेमका हाच 'कर' गाळला. तिकडेही गावावरून पडलेली आडनावं ढिगानं आहेत. ज्या इंग्रजी आडनावाच्या शेवटी 'टन' दिसतं ते बहुतेक वेळा कुठल्या तरी वाडीचं नाव असतं. वॉशिंग्टन हे इंग्लंडच्या डरॅममधलं गाव. तिथल्या घराण्यानं ते नाव घेतलं, त्या घराण्याचा वंशज अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला आणि त्याचं आडनाव अमेरिकेच्या राजधानीला लागलं. लिंकनचंही तेच. आधी इंग्लंडमधलं शहर, मग अब्राहम लिंकन, मग नेब्रास्काची राजधानी. गाव, माणूस, परत गाव. तिन्ही ठिकाणी शब्द तोच, कुठे शेपूट नाही. त्यामुळे हे आडनाव स्टिकरसारखं कुठेही चिकटवता येतं. आपल्याकडे 'मी पालीकरला चाललोय' असं म्हटलं तर लोक विचारतील, कोण पालीकर? तिकडे हा प्रश्न पडतच नाही.

आता मुंबईत या. एल्फिन्स्टन हे स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला असलेलं एक छोटं गाव. त्यावरून सरदार घराण्याचं आडनाव पडलं. या घराण्यातला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचं. पण एल्फिन्स्टन रोड स्टेशन त्याचं नव्हे! ते त्याच्या पुतण्याचं, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. हा १८५३ ते १८६० गव्हर्नर होता. आणि माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ जनरल विल्यम एल्फिन्स्टन म्हणजे १८४२ साली काबूलमधून माघार घेताना अख्खं सैन्य घालवून बसलेला सेनापती. आता मला सांगा, वर्षानुवर्षं सकाळी नऊच्या लोकलमधून तिथे उतरणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना ठाऊक होतं की आपण काकाच्या स्टेशनवर उतरतोय की पुतण्याच्या? नाव तोंडात होतं, पण त्या नावामागे ना माणूस उरला होता, ना गाव.

ग्रँटचंही तसंच. ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटची नावं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ वेगळा. तो जन्मानं नुसता जेम्स ग्रँट, 'डफ' मागाहून जोडलेलं. रे रोड आणि सँडहर्स्ट रोड तर अजून मजेशीर. लॉर्ड रे यांचं आडनाव मॅके आणि लॉर्ड सँडहर्स्ट यांचं मॅन्सफिल्ड. रे हे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचं गाव आणि सँडहर्स्ट हे बर्कशायरमधलं. सरदारकीबरोबर गावाचं नाव मिळालं, ते माणसाला चिकटलं आणि माणसावरून आपल्या रस्त्याला. म्हणजे 'कर' लावून वाचलं तर आपली हार्बर लाइन सँडहर्स्टकर रोड, रेकर रोड अशी जाते :-)

हे सगळं मुंबईचं झालं, पालीचा काय संबंध? आहे. पाली १९४८ पर्यंत भोर संस्थानात होती. सुधागड तालुका पंतसचिवांचा, राजधानी घाटावर भोरला. त्या भोरजवळ भाटघरचं धरण आहे. १९२८ साली पुरं झालेल्या या धरणाचं नाव लॉईड डॅम आणि जलाशयाचं नाव लेक व्हायटिंग. जॉर्ज लॉईड हा मुंबईचा गव्हर्नर, व्हायटिंग हा तिथल्या आधीच्या धरणाचा इंजिनिअर. याच लॉईडचं नाव सिंधू नदीवर सक्करच्या बराजलाही दिलेलं होतं. एकच आडनाव, दोन नद्या, आज दोन देश.

आणि मग लोकांनी काय केलं? काही नाही. ते भाटघरच म्हणत राहिले. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे, पण तुम्ही भोरला जाऊन विचारा, रस्ता भाटघरचाच सांगतील. सक्करलाही नुसतं सक्कर बराज राहिलं. महाबळेश्वरला १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं पेठ वसवली, तिचं नाव माल्कम पेठ. ते कागदोपत्री राहिलं आणि गाव महाबळेश्वर राहिलं. आमच्याच जिल्ह्यातलं माथेरान घ्या. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढला आणि 'शोधक' ठरला. साहेबानं तिथल्या जागांना लुईझा, शार्लट अशी नावं वाटली, पण डोंगर माथेरानच राहिला. जिथे जागेचं नाव जिवंत होतं आणि लोकांच्या तोंडात होतं, तिथे साहेबाचं आडनाव टिकलं नाही.

म्हणजे नाव बदलायचं की नाही हा माझ्या मते प्रश्नच नाही. नावं आपणही बदलत आलोय. आमचा सुधागड आधी भोरपगड होता. जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, मग रायगड झाला. खरा प्रश्न हा की बदलून ठेवायचं काय. आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो, नामांतर. एकात जागेचं नाव जागेला परत मिळतं. दुसऱ्यात एका माणसाचं स्टिकर काढून दुसऱ्या माणसाचं लावलं जातं.

एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. हे पहिल्या प्रकारातलं. वस्ती तीच, देवी तिथलीच. उलट लॉर्ड जॉनच्याच नावाचं एल्फिन्स्टन सर्कल होतं, त्याचं स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल झालं. इंग्रजी आडनाव गेलं आणि त्या जागी इंग्रजी आडनाव आलं! बेंजामिन हॉर्निमन हा 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक, आपल्या बाजूनं लिहिणारा, म्हणून १९१९ साली सरकारनं त्याला हद्दपार केलं. गव्हर्नर कोण? भाटघरवाला जॉर्ज लॉईड. माणूस म्हणून हॉर्निमनबद्दल मला आदरच आहे. पण आज त्या बागेत बसून सँडविच खाणाऱ्यांसाठी हॉर्निमन आणि एल्फिन्स्टन यांच्यात फरक काय उरलाय?

सीमेपलीकडे हाच प्रयोग दोन वर्षांत दोन प्रकारे झाला. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर लायल याच्या नावाचं लायलपूर १९७७ मध्ये फैसलाबाद झालं, सौदीच्या राजाच्या नावावरून. म्हणजे माणसाच्या जागी माणूस. आणि किल्ल्याजवळच इंग्रजांनी वसवलेलं कॅम्पबेलपूर १९७८ मध्ये झालं अटक. होय, आपल्या 'अटकेपार'मधली अटक. कॅम्पबेल कोण हे मराठी माणसाला सांगावं लागतं, अटक सांगावी लागत नाही. जागेचं नाव असं लांबवर पोचतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. जी गोष्ट ते नाव घेऊनच जन्माला आली, तिचं नाव राहू द्या. एल्फिन्स्टन कॉलेजला आधीचं नाव नव्हतं. १८२७ साली गव्हर्नर निघाला तेव्हा मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढली, त्यातून ही संस्था उभी राहिली. दादाभाई नौरोजी तिथे शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. रानडे, भांडारकर तिथले. आता ते नाव गव्हर्नरपेक्षा या मंडळींचं जास्त आहे. पण जागेला आधीपासून नाव असेल तर तेच परत द्या. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुंबईतल्या सात स्टेशनांची नावं बदलायचा प्रस्ताव मंजूर केला. त्यात करी रोडला लालबाग, सँडहर्स्ट रोडला डोंगरी, चर्नी रोडला गिरगाव, डॉकयार्ड रोडला माझगाव ही नावं आहेत. हे मला पटतं. तिथे कुणा पुढाऱ्याचं नाव घुसवलं असतं तर पटलं नसतं, मग तो पुढारी कितीही थोर असो.

'नाव बदलून काय होतं, आधी पूल रुंद करा,' असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांचं चूक नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं मेली, तेव्हा नामांतराचा ठराव आधीच झालेला होता. पाटी बदलणं स्वस्त असतं, पूल बांधणं महाग. पण पूल व्हायला हवा म्हणून नावाला किंमत नाही असं ठरत नाही. कुठलाही प्रोग्रॅमर सांगेल, चुकीच्या नावाच्या व्हेरिएबलवर कोड चालतो. पाच वर्षांनी तो वाचणाऱ्याचे हाल होतात.

आणि 'कर' आडनावं असलेल्या समाजात हे हाल जरा जास्तच होतात. पॉइंटर जिकडे बोट दाखवतो ती व्हॅल्यूच नाहीशी झाली तर त्याला आमच्याकडे डँगलिंग पॉइंटर म्हणतात, लोंबकळणारा. आमच्या सुधागडापासून घाट चढून गेलं की मुळशी. १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर तिथले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध लढले, आणि हरले. गावं पाण्याखाली गेली. ते पाणी घाट उतरून आमच्या जिल्ह्यातल्या भिऱ्याला वीज करतं आणि ती वीज मुंबईला जाते. गाव बुडालं तरी आडनाव माणसाबरोबर चालत राहतं. कधीकधी बुडालेल्या गावाची ती एकच खूण उरते. गाव पाण्याखाली न घालताही ते पुसता येतं. नुसतं नाव बदललं की झालं. दोन पिढ्यांनी पोरगं विचारतं, आपण अमुककर, मग ते अमुक नकाशात कुठंय?

माझ्या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो लपवत नाही. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून एक आडनाव आलं. ते लावणारा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला. १९९५ साली उत्तर प्रदेशात आंबेडकर नगर नावाचा जिल्हा झाला, आणि बाबासाहेबांचं जन्मगाव महू २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झालं. गाव, माणूस, परत गाव, अगदी वॉशिंग्टनसारखं. पण फरक बघा. ते नाव वरून कुणी गव्हर्नरानं चिकटवण्याआधी लाखो लोकांनी आपल्या वस्त्यांना स्वतःहून लावलेलं होतं. आणि त्या नावातला 'कर' गळलेला नाही. फैजाबादजवळच्या त्या जिल्ह्याच्या पाटीवर आजही कोकणातल्या एका छोट्या गावाकडे दाखवणारं बोट आहे.

प्रेमानं दिलेल्या नावाला आमच्या पालीचीही हरकत नाही. अष्टविनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा गणपती एकच, आमचा बल्लाळेश्वर. बल्लाळ हा वाण्याचा पोर. देवानं त्याचं नाव स्वतःला लावून घेतलं. पण गावाचं नाव बल्लाळनगर करा असं काही देवानं म्हटल्याचं कथेत नाही. गाव पालीच राहिलं, आणि आम्ही पालीकर.