सीसॅटचा उतारा : वाक्ये कळतात, मुद्दा का निसटतो?

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०१५ पासून सीसॅटचा पेपर केवळ पात्रतेसाठी आहे. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास आणि ३३ टक्क्यांची अट. म्हणजे ६६ गुण, एकही उत्तर न चुकता २७ बरोबर. ऐकायला सोपे वाटते. मात्र ही अट हुकली, तर सामान्य अध्ययनात कितीही गुण मिळाले तरी त्यांचा उपयोग होत नाही.

मराठी माध्यमातील उमेदवारांना उतारे इंग्रजी किंवा हिंदीतच वाचावे लागतात. त्यामुळे दोष भाषेवर ढकलला जातो. तो काही अंशी खराही आहे. पण अनेकदा प्रत्येक वाक्य कळूनही उत्तर चुकते. कारण प्रश्न माहितीचा नसून उताऱ्याच्या साराचा असतो.

एक उदाहरण पाहू

‘ठिबक सिंचनाने पाणी वाचते, यात शंका नाही. मात्र वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र ओलिताखाली आणतो, तेव्हा भूजलाचा एकूण उपसा तेवढाच राहतो. म्हणून तंत्रासोबत उपशावर मर्यादाही हवी.’

सार कोणते?

१) ठिबकमुळे पाणी वाचते.
२) ठिबक सिंचन निरुपयोगी आहे.
३) केवळ तंत्राने भूजल वाचत नाही, उपशावर मर्यादाही लागते.
४) नव्या बोअरवेलवर बंदी घालावी.

पहिला पर्याय खरा आहे, पण लेखकाने तो सुरुवातीलाच मान्य करून बाजूला ठेवला आहे. दुसरा अतिरेकी आहे. चौथा पटण्यासारखा वाटेल, पण बोअरवेलचा उल्लेखच उताऱ्यात नाही. उत्तर तिसरे.

काय करावे?

‘मात्र’, ‘तरीही’, ‘म्हणून’ हे शब्द आले की थांबावे, लेखक तिथे वळण घेतो. उतारा संपल्यावर पर्याय न पाहता ‘लेखकाला नेमके काय पटवायचे आहे?’ याचे उत्तर एका वाक्यात मनात मांडावे, तेही मराठीत. मग पर्याय पाहावेत. शेवटची कसोटी अशी: ते वाक्य काढून टाकले, तर बाकीची वाक्ये कशासाठी लिहिली, हे सांगता येते का? येत नसेल, तर तोच मुख्य मुद्दा.

‘पहिली आणि शेवटची ओळ वाचा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. वरच्या उताऱ्यात पहिल्या ओळीवर विसंबणारा थेट पहिल्या पर्यायात अडकतो. बरोबर उत्तराला अडीच गुण मिळतात आणि चुकीला ०.८३ गुण कापले जातात. म्हणजे अशी एक चूक ३.३३ गुणांना पडते.

खरा प्रश्न त्याही आधीचा आहे. शाळेत उतारा म्हणजे प्रश्नातला शब्द शोधून ती ओळ उतरवून काढणे, हीच सवय बऱ्याच जणांना लागते. लेखकाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा सराव तिथेच व्हायला हवा. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत ही सवय मोडणे अवघड असते.