जालन्यात हीटर? हो, आणि तो नीटच हवा!

जालन्यात कुणी ट्रकच्या हीटरबद्दल बोलायला लागलं, तर समोरचा आधी हसणार. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथं हीटर कशाला? पण आपली सळई आणि आपली मोसंबी जालन्यातच थोडी थांबते! एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून निघालेला किंवा मोसंबी भरून दिल्लीकडं निघालेला ट्रक डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर, आग्र्याच्या धुक्यात शिरतो. काच आतून धुरकट होते, समोरचं दिसेनासं होतं. तेव्हा हीटर ही चैन नसते. काच साफ ठेवणारी गरम हवा त्यातूनच येते.

जुन्या सगळ्याच ट्रकना हीटर नसतो. ज्यांना असतो, त्यातल्या कित्येकांचा नुसता कोमट वारा फेकतो. मग थांबल्यावर काचा बंद करून केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवली जाते. बंद केबिनमध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. उत्तर भारतात हिवाळ्यात अशा बातम्या वारंवार येतात. म्हणून विषय वाटतो तितका फालतू नाही.

आता गंमत बघा. ट्रकचा हीटर वेगळी उष्णता तयारच करत नाही. इंजिन थंड ठेवणारं गरम कूलंट दोन होजमधून केबिनमधल्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे हीटर कमजोर असेल, तर बऱ्याचदा दुखणं इंजिनच्या कूलिंगमध्येच असतं.

ते शोधायला लॅपटॉप लागत नाही. इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी दाबानं अंगावर येतं. मग गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तापमानाचा काटा बघा. तो खालीच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाहीये. मग हीटरचे दोन्ही होज जपून हात लावून बघा. दोन्ही गरम असतील, तर दोष ब्लोअर किंवा हवेच्या झडपेत. एक गरम आणि दुसरा कोमट, तर आतला छोटा रेडिएटर चोंदलाय. दोन्ही कोमट, तर गरम कूलंट तिथं पोचतच नाहीये: पातळी कमी, हवा अडकलेली, कॉक बंद किंवा पुन्हा तोच थर्मोस्टॅट.

आणि हा थर्मोस्टॅट आपल्याकडं सर्रास ‘काढून टाकलेला’ सापडतो. उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री सांगतो, वॉल काढून टाका, इंजिन गार राहील. ऐकायला पटतं. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट साधारण ऐंशी अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनला योग्य तापमानावर ठेवतो. तो नसला की थंडीत इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. आणि अनेक डिझेल इंजिनांत तो काढल्यावर बायपासची वाट कायम उघडी राहते. काही पाणी रेडिएटरला वळसा घालूनच परत फिरतं. म्हणजे ज्या उन्हाळ्यासाठी तो काढला, त्या उन्हाळ्यातही गाडी तापू शकते!

माझा मुद्दा इथंच आहे. काढून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मिस्त्रीला शिव्या घालणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. माल चढलेला, मालकाचा फोन सुरू, ड्रायव्हरची ट्रिप अडकलेली. अशा वेळी कारण शोधायला त्याला वेळ देतो कोण? गाडी का तापली? रेडिएटरच्या जाळीत माती बसलीय, बेल्ट सैल झालाय, की वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतल्यामुळं आत क्षार साचलेत? मराठवाड्यातलं बोअरचं पाणी किती जड असतं, ते आपल्या घरातल्या बादल्यांवर दिसतंच. हाच क्षार हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो. खरं कारण तसंच राहतं आणि बिचारा वॉल भंगारात जातो.

इथं आपला संबंध येतो. तंत्रनिकेतनात, आयटीआयमध्ये, इंजिनिअरिंगला आपण थर्मोस्टॅटची आकृती काढतो, मार्क मिळवतो आणि विसरून जातो. गावात, मोंढ्यात, हायवेला तोच भाग रोज काढून फेकला जातो. पुस्तक आणि गॅरेज यांच्यातलं हे अंतर कोण भरणार? प्रोजेक्टसाठी पुण्याहून तयार मॉडेल आणण्यापेक्षा दहा जुने ट्रक तपासा. काटा कुठं थांबतो, होज किती गरम, कूलंट आहे की पाणी, एवढं वहीत लिहा. मिस्त्रीकाकांकडून हाताचं कसब शिका, त्यांना ‘का’ सांगा. दोघांचाही फायदा.

2025 पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण जुन्या गाड्या उद्या गायब होणार नाहीत. पुढची कित्येक वर्षं त्याच जालन्याची सळई वाहणार आहेत, आणि त्यात बसलेला माणूस आपल्यापैकीच कुणाचा तरी बाप, काका, भाऊ असणार आहे. थंडी सुरू व्हायच्या आत त्यांना एकदा विचारा, ‘हीटर गरम हवा देतो का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढं काय बघायचं, ते तुम्हाला आता माहितीये.