विद्यापीठीय संशोधनाचे मोल

पदवीदानाचे समारंभ आटोपले की कोणत्या विभागाने किती पीएच.डी. दिल्या, कोणाला बँकेत वा परदेशी पेढीत मोठ्या पगाराची जागा मिळाली, याच्या याद्या प्रसिद्ध होतात. यशस्वी विद्यार्थ्यांचे आम्हीही मनापासून अभिनंदन करतो. परंतु अर्थशास्त्र विभागाच्या कर्तृत्वाचे मोजमाप एवढ्यानेच व्हावे काय, हा प्रश्न राहतोच. आणि तो मुंबईत विचारणे अधिक उचित, कारण येथील विद्यापीठाने त्याचे एक उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे.

१९५६ साली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. पोलाद आणि अवजड यंत्रे यांना तीत अग्रमान होता. प्रा. महालनोबिस यांची मांडणी, पंडित नेहरूंचा पाठिंबा आणि विद्वानांची अनुकूलता असा त्रिवेणी योग जुळून आलेला. अशा वेळी मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक चंदुलाल नगीनदास वकील आणि त्यांचे तिशीच्या उंबरठ्यावरील शिष्य पी. आर. ब्रह्मानंद यांनी एक ग्रंथ लिहून या योजनेला उघड हरकत घेतली. त्यांचे म्हणणे शेतकऱ्यालाही पटावे इतके सरळ होते. चौघांच्या शेतावर सहाजण राबतात. त्यांतील दोघे उद्या कालव्याच्या कामावर गेले तरी पीक घटणार नाही. पण कालव्यावर त्यांच्या पानात भाकरी कोण वाढणार? देशाला खरी उणीव आहे ती मजुराच्या नित्य गरजेच्या वस्तूंची. तेव्हा धान्य आणि कापड हेच गरीब देशाचे पहिले भांडवल होय.

सरकारने हा सल्ला मानला नाही. पुढे १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि १९६६ या एकाच वर्षी सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून, मुख्यतः अमेरिकेतून, आणावे लागले. दोन दुष्काळांनी गुरुशिष्यांचा सिद्धान्त खरा ठरला असे आम्ही म्हणत नाही. भिलईचा कारखाना वाया गेला असेही कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पोटाचा प्रश्न आधी सोडवा, हे सांगणारा आवाज वेळेवर उठला होता आणि तो विद्यापीठातून उठला होता. शिष्याने गुरूच्या खांद्याला खांदा लावून दिल्लीशी वाद घालावा, याहून मोठे विद्यार्थियश ते कोणते?

आज असा वाद घालण्याची साधनेच तोकडी पडत आहेत. २०१७-१८ साली कुटुंबांच्या खर्चाची सरकारी पाहणी झाली. आकड्यांच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरविले. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. सरकारी आकड्यांच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या संशोधकाने अशा वेळी काय करावे? धनंजयराव गाडगीळांनी १९३० नंतरच्या दशकात जे पुण्यात केले ते करावे. गोखले संस्थेचे पाहणीदार वह्या घेऊन घरोघर गेले. कोण काय काम करतो, काय मिळवितो, हे त्यांनी विचारून लिहून घेतले. मुंबईच्या चाळी, झोपडपट्ट्या आणि नाके विद्यापीठापासून दूर नाहीत. दूर राहिला आहे तो मार्गदर्शकाचा धीर. ज्याचे आकडे तयार मिळतात आणि ज्याच्या निष्कर्षाने कोणी दुखावत नाही असा विषय निवडण्याकडेच कल असतो. विद्यार्थ्याला आम्ही फारसा दोष देत नाही. नोकरी त्याला शोधावयाची आहे.

दोष व्यवस्थापनाचा आहे. घरोघरच्या पाहणीसाठी विद्यापीठाने आगामी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी. ज्यांची पाहणी झाली त्यांना वाचता येईल असा मराठी सारांश प्रत्येक प्रबंधासोबत छापावा. आणि वार्षिक अहवालात पदव्यांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : यंदाच्या कोणत्या संशोधनाने कोणत्या सरकारी धोरणाला हरकत घेतली.