चेरुबिनोचं पोस्टिंग

मोझार्टच्या ‘फिगारोचं लग्न’ या विनोदी ऑपेराचं डेक्का कंपनीनं १९५५ साली व्हिएन्नात केलेलं ध्वनिमुद्रण फौजी माणसानं ऐकावंच, असं माझं ठाम मत आहे. संचालक एरिक क्लायबर. पुढच्याच जानेवारीत ते गेले. एरवी ज्यांना कात्री लागते ती गाणी आणि मधले संवादही त्यांनी ठेवले. नुसत्या पदांवर आपलं संगीत नाटक तरी कुठे कळतं?

पहिल्या अंकाच्या शेवटी काउंट उपद्व्यापी चेरुबिनोला थेट आपल्या पलटणीत अधिकारी करून धाडतो. का? तर घरातली ब्याद टळावी! (अशा बदल्या आपणही पाहिल्यात.) मग फिगारो त्याला चिडवतो: मिरवणं संपलं, आता चिखल, बर्फ, ऊन, मान भरपूर, खिसा रिकामा. चेझारे सिएपी हे आरडाओरडा न करता गातो, जुन्या सुभेदारानं रंगरुटाला हसत सुनवावं तसं.

ब्रिटिशांच्या कोल्डस्ट्रीम गार्ड्सचा स्लो मार्च म्हणजे हीच चाल. थट्टेचं गाणं, आणि परेडवर! बँडवर ते रुबाबदार वाटतं. सिएपीच्या तोंडून ऐकताना मात्र मला त्या पोराची कीव येते. अजून त्याला बूट बांधायलाही कुणी शिकवलेलं नाही.