सशाला अभय, मांडी कोणाची?



चक्रधर स्वामींचे नाव वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. तेराव्या शतकात हा संन्यासी आपल्याच मुलखात पायी हिंडला. लीळाचरित्रात सशाची लीळा आहे. स्वामी रानात बसलेले, मागे कुत्री लागलेला ससा धावत आला तो त्यांच्या मांडीखाली शिरला. शिकारी म्हणाले, ससा द्या, होड लागली आहे. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही. शिकाऱ्यांना समजावून परत लावले.

मला या लीळेत एक गोष्ट मोठी वाटते. अभय देणाऱ्याने मांडी स्वतःची दिली, शेजाऱ्याची नव्हे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. अभय सरकारने दिले, मांडी मात्र कोरडवाहू शेतकऱ्याची. रोही कपाशीच्या पात्या, फुले, कोवळी बोंडे खातात. ज्वारी चिकात आली की रानडुकरे ताटे मोडून आडवी करतात. मी नोकरीत असताना गावोगाव सांगत होतो, फेरपालट करा, ज्वारी पेरा, कडबा होईल. एका म्हाताऱ्या बाबांनी मला गप्प केले. "पेरतो ना साहेब. जागलीले तुम्ही येजा." शिफारशीच्या कागदावर जागलीचा खर्च कधी लिहिलेला नव्हता. ज्वारी नुसत्या भावाने मेली नाही, जागलीनेही मेली.

जनावरांशी आपले वैर नाही. गायराने गेली, नाल्याकाठची झुडपे गेली, आणि खरे बोलायचे तर धुरे आपणही नांगरले. ती जाणार कुठे? काही भाऊ तारेत थेट लाइनचा करंट सोडतात. त्यात वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. झटका मशीन वेगळे, हे वेगळे. याचे समर्थन मी कोणत्याही बैठकीत करणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले, की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात धरता येईल. चांगले झाले. पण कोणते प्राणी आणि कोणते भाग धरायचे, हे राज्याने ठरवायचे. नुकसान ७२ तासांच्या आत मोबाईलवरून, जागेची नोंद असलेल्या फोटोसह कळवायचे. ज्या शिवारात फोन लागण्यासाठी झाडावर चढावे लागते, तिथे हे कसे जमणार? आणि रोही एका रात्रीत शेत संपवत नाही. रोज चार तासे खाते. मग ७२ तास कोणत्या रात्रीपासून मोजायचे?

जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडणार आहे. यादीत रोही आणि रानडुक्कर दोन्ही हवेत, आणि तलाठी, कृषी सहायक व वनरक्षक यांचा एकत्र पंचनामा पुरावा म्हणून चालला पाहिजे. येताना प्रत्येकाने या हंगामात किती रात्री जागल केली, ते वहीत लिहून आणावे. मजुरीच्या दराने त्याचा हिशेब तिथेच मांडू.