बेल्ट, चेन आणि ‘लांडगा आला रे आला’

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही ते लगेच दुसऱ्या कामाला लागतील. :) आपल्याकडच्या बऱ्याच कार सर्व्हिस सेंटरांमधे नको त्या कामांचा आग्रह होतो आणि जे काम खरंच वेळेवर व्हायला हवं त्याचं नावही कुणी काढत नाही. पहिल्या प्रकारात दोन-तीन हजार जातात. दुसऱ्या प्रकारात इंजिन जातं. टायमिंग बेल्ट हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, म्हणून आजचा शनिवार त्याच्यासाठी.

आधी थोडं ‘इंजिन फॉर डमीज’. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक व्हायला हवा, ना कमी ना जास्त. हा हिशोब सांभाळणारा दुवा म्हणजे टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन. आता गंमत अशी की आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन थ्रेड, एकच रिसोर्स, आणि बेल्ट म्हणजे त्यांच्यातलं लॉक. लॉक सुटलं की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, नशीब अगदीच वाईट असेल तर पिस्टनही जातो. रीस्टार्ट करून काही होत नाही.

बेल्ट रबराचा असतो, आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. रबर म्हातारं होतं, गाडी उभी राहिली तरी होतं. म्हणून त्याची मुदत बहुधा किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्हींत दिलेली असते, जे आधी येईल ते. चेन स्टीलची, इंजिन ऑइलमधे चालणारी. ती साधारणपणे इंजिनाबरोबर टिकेल या हिशोबाने बनवतात. ‘आयुष्यभर’ला मात्र एक अट आहे: ऑइल वेळेवर आणि योग्य ग्रेडचं बदललं तर. ऑइल घाण झालं की कड्यांच्या पिना झिजतात, चेन लांबते, टेन्शनर पुरा पडत नाही. मग सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. पुढे चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी००१६ सारखा कोड दिसतो, म्हणजे क्रँक आणि कॅमचं जमेनासं झालंय. चेन तुटण्याआधी निदान कुरकुर तरी करते. बेल्ट बऱ्याचदा एक शब्द न बोलता जातो.

तिसराही प्रकार निघालाय, तेलात बुडालेला बेल्ट. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टमधे तो होता, आपल्याकडे २०१३ च्या इकोस्पोर्टमधून हे इंजिन आलं. तिथे चुकीचं ऑइल घातलं तर बेल्टच विरघळायला लागतो आणि त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.

आता ‘माझ्या गाडीत काय आहे?’ हे कंपनीच्या नावावरून कळत नाही. आपल्या नगर रोडचंच बघा. खराडीतून वाघोली, शिक्रापूर करत सरळ गेलात की रांजणगाव एमआयडीसी लागते. तिथल्या फियाटच्या कारखान्यात ते प्रसिद्ध १.३ मल्टीजेट डिझेल बनायचं, जे पुंटोत होतं, इंडिका व्हिस्टात होतं, स्विफ्टमधेही तेच डिझाइन होतं. इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. ते चेनवालं. २०२० मधे बीएस-६ आलं आणि ते बंद झालं. त्याच कारखान्यातलं दोन लिटरचं डिझेल, जे जीप कंपास आणि २०१९ पासून टाटा हॅरियरमधे बसतं, ते बेल्टवालं! तिकडे चाकणला फोक्सवॅगन-स्कोडाचं १.२ टीएसआय सुरुवातीला चेनवर होतं, आताची १.० आणि १.५ टीएसआय बेल्टवर आहेत. मारुती ८०० बेल्टवर, नंतरची के-सीरीज चेनवर. जुनी सँट्रो बेल्टवर, आय-टेनचं कप्पा चेनवर. डस्टरचं १.५ डिझेल बेल्टवर. थोडक्यात काय, ‘जुनी गाडी म्हणजे बेल्ट, नवी म्हणजे चेन’ हा समज सोडून द्या आणि आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा.

हे मॅन्युअल न उघडण्यावर कसा धंदा चालतो त्याचे दोन किस्से सांगतो. दोन्ही गेल्या दीड वर्षातले, दोन वेगवेगळ्या सर्व्हिस सेंटरचे.

पहिला ऑफिसातल्या मित्राचा. त्याची पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षांची, रनिंग साठ हजार. अॅडव्हायझर म्हणाला, “सर, टायमिंग बेल्ट किट बदलून घ्या, तुटला तर इंजिन जाईल. आज केलंत तर लेबरवर दहा टक्के ऑफ आहे.” मित्राने मला फोन केला. मी म्हटलं, त्याला फक्त एवढंच विचार की मॅन्युअलच्या कुठल्या पानावर लिहिलंय. दहा मिनिटांनी उत्तर आलं, “सर, सिस्टिमनी चुकून उचललं असेल.” कारण त्या इंजिनात बेल्टच नव्हता, चेन होती! एस्टिमेटमधल्या बाकीच्या ओळी मात्र तशाच राहिल्या: इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग.

दुसरा आमच्या सोसायटीतल्या काकांचा. निवृत्त माणूस, बेल्टवाली डिझेल एसयूव्ही, नऊ वर्षं जुनी, रनिंग जेमतेम बासष्ट हजार. दरवर्षी न चुकता अधिकृत सेंटरला सर्व्हिसिंग. सगळी बिलं फाइलमधे, प्रत्येक बिलावर फ्लश नाहीतर कोटिंग. बेल्टचा विषय नऊ वर्षांत एकदाही निघाला नाही, कारण किलोमीटर भरले नव्हते. वर्षांची मुदत कधीच उलटून गेली होती. एके दिवशी चालत्या गाडीत बेल्ट तुटला. सुदैवाने वेग कमी होता, मागून कुणी ठोकलं नाही. इंजिनाचं बिल लाखाच्या वर गेलं, आणि ज्या सेंटरने नऊ वर्षं फ्लश विकले त्यांनीच सांगितलं, “काका, बेल्ट वेळेवर बदलायला हवा होता.”

माझा राग यावर आहे. उगाच लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही हे आपण पहिलीपासून ऐकतोय. ज्या काउंटरवरून दर सहा महिन्यांनी ‘फ्लश केला नाहीत तर इंजिन खराब होईल’ असं ऐकू येतं, त्याच काउंटरवरून एक दिवस ‘बेल्ट बदला’ हा खरा इशारा आला तर आपण हसून ‘नेक्स्ट टाइम’ म्हणतो. खोट्या भीतीचं खरं नुकसान हे आहे. फ्लशचे दोन हजार त्यामानाने किरकोळ.

अॅडव्हायझर पोरांवर भडकून उपयोग नाही. नवी गाडी विकण्यात डीलरला फार सुटत नाही, पैसा सर्व्हिस आणि पार्टमधे असतो. मग या पोरांना महिन्याचं टार्गेट मिळतं. आपल्याकडेही क्लायंटला नको असलेलं मॉड्यूल क्वार्टर संपायच्या आत विकायचं असतंच की.

पण एक मुद्दा त्यांच्या बाजूने मांडायलाच हवा. ते म्हणतात, “सर, मॅन्युअल ठीक आहे, पण पुण्याचा ट्रॅफिक बघा.” यात तथ्य आहे. हिशोब करा. इंजिन रिकामं ८०० आरपीएमला फिरतं, म्हणजे तासाला ४८,००० फेरे. खराडी बायपासपासून निघून तासाभरात दहा किलोमीटर सरकलात तर किलोमीटरमागे किमान ४,८०० फेरे झाले. हायवेला ८० च्या वेगाने, २,००० आरपीएमला, किलोमीटरमागे १,५००. म्हणजे आपल्या बेल्टचं, चेनचं आणि ऑइलचं वय ओडोमीटर कमी सांगतो. फक्त ही गोष्ट कंपन्यांनाही माहीत आहे. बऱ्याच मॅन्युअलमधे धूळ, सतत थांबत चालणं, छोट्या फेऱ्या यांसाठी कडक वापराचं वेगळं वेळापत्रकच असतं. आपण सगळे त्यातच बसतो. तेव्हा वाद मॅन्युअल विरुद्ध ट्रॅफिक असा नाहीच, मॅन्युअलमधला कुठला रकाना लागू होतो एवढाच आहे.

‘बाहेर काम केलंत तर वॉरंटी गेली’ हेही हुकमी वाक्य. २०११ मधे शमशेर कटारिया यांनी सुट्या भागांच्या मक्तेदारीबद्दल स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. पार्ट आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्या, आणि गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत लांबलं. त्यामुळे वॉरंटी असेपर्यंत वेळापत्रकातलं काम अधिकृत ठिकाणीच करावं, बिलं जपावीत, हे माझं व्यवहारी मत. वॉरंटी संपल्यावर मात्र आपण मोकळे.

तर मंडळी, करायचं काय?

१. मॅन्युअलची पीडीएफ फोनमधे ठेवा. बेल्ट की चेन, किती किलोमीटर, किती वर्षं, हे एकदा शोधून कॅलेंडरमधे टाका.

२. बॉनेट उघडून कुणी ‘बेल्टला तडे गेलेत’ म्हणालं तर विचारा, कुठला बेल्ट? बाहेर सहज दिसतो तो ऑल्टरनेटर-एसीचा बेल्ट. तोही बदलावा लागतो, पण ते स्वस्त काम आहे. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो.

३. खरा टायमिंग बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर सोबत बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही. इथे अॅडव्हायझर ‘किट’ म्हणतो ते बरोबर आहे, कारण खोलण्याची मजुरी एकदाच लागते.

४. चेन असेल तर सगळा पैसा ऑइलवर लावा. ग्रेड तपासा, तारीख चुकवू नका.

५. सेकंड हँड बेल्टवाली गाडी घेतलीत आणि बेल्ट बदलल्याचं बिल नाही? बदललेला नाही असंच धरा. मीटरवर विश्वास ठेवू नका.

६. जादा काम सुचवलं तर जॉब कार्डवर कारण आणि मॅन्युअलमधला संदर्भ लिहून मागा. नम्रपणे मागा. जे लिहून देता येत नाही ते काम सहसा करावं लागत नाही. तरीही बिलात घुसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे.

काकांची गाडी आता ठीक चालते, फाइलमधे नव्या बेल्टची तारीख लाल पेनने लिहिली आहे. तुमच्या गाडीची तारीख कुठली?